रॅम घेताना कुठला आकडा बघायचा?

मोहगाव, सौसर, पांढुर्णा या पट्ट्यातल्या माणसाला कॉम्प्युटरचं सामान घ्यायचं झालं, की तो नागपूरची बस धरतो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, सरकारी कामासाठीच्या छिंदवाड्याच्या खेपा कमी झाल्या; रॅमसाठी मात्र सीताबर्डीच. तिथे काउंटरवर प्रश्न येतो, "२६६६ देऊ की ३२००?" खिशात मोजकेच पैसे असलेलं गिऱ्हाईक इथेच गडबडतं. मोठा आकडा म्हणजे मशीन पळणार, असं धरून चालतं. माझं मत उलटं आहे. पैसे कमी असतील तर हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा.

गावातलं एमपी ऑनलाइनचं दुकान डोळ्यांसमोर आणा. एका खिडकीत खसरा आणि बी-१ ची नक्कल, दुसरीत समग्र आयडी, तिसरीत परीक्षेचा फॉर्म, शिवाय स्कॅनर आणि अंगठ्याचं मशीन चालू. ४ जीबी रॅमचा कॉम्प्युटर दुपारपर्यंत अडकायला लागतो. इथे रॅम हळू नसते, भरलेली असते. जागा संपली की विंडोज कमी लागणारी माहिती डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. प्रोसेसरला रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंदांच्या आसपास. रॅमची ती वेळ एक सेकंद मानली, तर एसएसडी सतरा मिनिटं थांबवते आणि हार्ड डिस्क एक दिवस चार तास. आता २६६६ आणि ३२०० मधला फरक या हिशेबात कुठे बसतो ते तुम्हीच बघा. म्हणून ४ चे ८ आणि ८ चे १६ जीबी करणं पहिलं. आणि मशीनमध्ये अजून जुनी हार्ड डिस्कच असेल, तर वेगवान रॅमचे पैसे एसएसडीत घालावेत, यात वाद नाही.

तरी हा ३२०० आहे तरी काय? सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीची देवघेव, असा त्याचा अर्थ. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचंच असतं. सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर नेमकं हे घड्याळ दाखवतं, आणि 'बत्तीसशेच्या नावाखाली सोळाशेची दिली' म्हणून लोक दुकानदाराशी भांडायला जातात. दुकानदाराची त्यात काही चूक नसते. एका वेळी आठ बाइट जातात, तेव्हा ३२०० म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी, आणि २६६६ म्हणजे २१.३.

पण हा झाला ओघ. मागितल्यापासून पहिला बाइट हातात यायला किती वेळ, हा वेगळा हिशेब. त्यासाठी सीएल हा आकडा बघावा लागतो: सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाच्या आकड्याने भागायचं, की नॅनोसेकंद मिळतात. साधी डीडीआर४, ३२००, सीएल २२ : १३.७५. जुनी डीडीआर३, १६००, सीएल ११ : तेही १३.७५! आणि नवीकोरी डीडीआर५, ४८००, सीएल ४० घेतली तर १६.६७. (प्रोसेसरपासूनच्या पूर्ण फेरीतला हा एक टप्पा आहे, म्हणून वरचे १०० वेगळे.) वेगाचा आकडा तिप्पट झाला आणि वाट पाहणं जिथल्या तिथेच राहिलं. कारण आतली पेशी तीच आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये जिचं पेटंट मिळालं, ती एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर अशी रचना. त्यातला विजेचा भार इतका नगण्य की तो ओळखून मोठा करायला ठरावीक वेळ लागतोच. तो गळतो म्हणून डीडीआर४ मध्ये सगळ्या पेशी दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भराव्या लागतात. लाइट गेली की सेव्ह न केलेला फॉर्म गेला, तो याचमुळे. कंपन्यांनी वाढवलं ते एका दमात बाहेर काढायच्या माहितीचं प्रमाण. त्यात प्रोसेसरची स्वतःची कॅश बहुतेक मागण्या परस्पर भागवते, म्हणून टायपिंग, एक्सेल, ब्राउझर अशा कामांत हा फरक माणसाला जाणवत नाही.

जाणवतो तो स्टिकच्या संख्येचा. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये असल्या की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी बोलतो. २४०० च्या दोन जुन्या स्टिक मिळून ३८.४ जीबी देतात. ३२०० ची एकटी नवी २५.६ वर थांबते. महागडी वेगवान वस्तू मिळत नसेल तर साध्या वस्तू एकत्र जुंपायच्या, हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तो अनेक ट्रान्सप्युटर चिप एकत्र जोडूनच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर, दोन स्टिकचा फायदा ठळक दिसतो, कारण चित्र काढणारा भागही याच रॅममधून खातो. गेम खेळणाऱ्या किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या पोरांनी वेगाच्या आकड्यालाही थोडी किंमत द्यावी.

घ्यायला जाण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. चालू वेग आणि किती स्लॉट भरलेत, दोन्ही तिथे दिसतं. इंटेलचा आय३-८१०० अधिकृतपणे २४०० पर्यंतच जातो, आय५-८४०० २६६६ पर्यंत. साध्या बोर्डवर ३२०० ची स्टिक लावली तरी ती खाली उतरून तेवढ्यावरच चालते. भाव सारखा असेल तर ३२०० खुशाल घ्या, पण त्यासाठी जास्त मोजू नका.

लेबलही वाचा. '२६६६व्ही', '३२००एए' यातली अक्षरं सीएल सांगतात, अनुक्रमे १९ आणि २२. '१आरx८' लिहिलं असेल तर आठ चिप असतात, '१आरx१६' असेल तर चारच. चार चिपवाली स्वस्त पडते, पण तिच्यात एकाच वेळी कामाला लागणारे गट निम्मे, त्यामुळे ती थोडी मागे राहते. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

२०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. अशा वेळी जुनी डीडीआर४ घ्यायला मी तरी कचरणार नाही. एसएसडीसारखी ती लिहून लिहून झिजत नाही. सोनेरी दात खोडरबरने हलके पुसा, बसवा आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्या. सकाळी एक जरी चूक दाखवली, तर घासाघीस करत बसू नका, स्टिक परत करा.