औष्णिक वीज केंद्रातील राख आणि संरचनात्मक काँक्रीट : बुलडाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

वीजनिर्मितीबरोबर टाकाऊ पदार्थांचीही निर्मिती होते. भूगर्भातील उष्णतेवर वीज निर्माण करणाऱ्या केंद्रात खाऱ्या उष्ण पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका वर येते व पाणी थंड होताना तिचा थर साचतो. मेक्सिकोतील सेरो प्रिएटो येथील अशा सिलिकेचा सिमेंटला पूरक घटक म्हणून उपयोग करता येईल काय, याचा अभ्यास संशोधकांनी केला आहे. महाराष्ट्रात वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, उनपदेव अशी उष्ण पाण्याची कुंडे असली तरी त्यांवर आधारित वीज केंद्र नाही. आपल्याकडे वीजनिर्मितीचा मुख्य अवशेष म्हणजे दगडी कोळशाची राख होय. या दोन्ही पदार्थांचा काँक्रीटमधील उपयोग एकाच रासायनिक तत्त्वावर आधारलेला आहे.

बुलडाणा जिल्ह्याच्या सीमेलगत, अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात पारस येथे औष्णिक वीज केंद्र आहे. चिखली तालुक्यातील उंद्री हे गाव त्यापासून शंभर किलोमीटरच्या आत येते. ही राख संरचनात्मक काँक्रीटमध्ये, म्हणजे इमारतीचा भार वाहणाऱ्या काँक्रीटमध्ये, कशी कार्य करते आणि आपल्या जिल्ह्यात तिचा लाभ पदरात पडण्यासाठी कोणती अट पाळली पाहिजे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक भूगोलाचा अध्यापक असल्याने विषयाची मांडणी अभियांत्रिकीच्या संज्ञांपेक्षा पाणी, हवामान व प्रदेश यांच्या अंगाने केली आहे.

राखेचे स्वरूप व व्याप्ती :

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे एक युनिट वीज निर्माण होताना ढोबळमानाने पाव किलो राख तयार होते. पारस येथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. ते पूर्ण क्षमतेने चालले, तर या हिशेबाने दिवसाला सुमारे ३,००० टन राख तयार होईल.

ही सर्व राख एकसारखी नसते. भट्टीच्या तळाशी पडणारी जाड राख साधारणतः एकपंचमांश असते. उरलेली बारीक राख धुराबरोबर वर जाते व धुराड्यापूर्वीच्या विद्युत यंत्रणेत अडविली जाते. हीच उडती राख, अर्थात ‘फ्लाय अॅश’ होय. वितळलेली खनिजे हवेतच झपाट्याने थंड झाल्यामुळे तिचे कण काचेसारखे व गोलाकार बनतात. काँक्रीटच्या दृष्टीने खरे मूल्य या कोरड्या, बारीक राखेला आहे. तळराखेबरोबर पाण्यात कालवून तलावात सोडलेल्या राखेत जाडसर कण मिसळलेले असतात. भराव किंवा विटांसाठी ती चालते, परंतु संरचनात्मक काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी घालण्यास ती योग्य नव्हे.

न वापरलेली राख धोकादायकही ठरते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळील कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरात पसरले. राखेच्या वापराबाबत केंद्र शासनाची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ रोजी निघाली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापराची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकून, ती पार न पाडल्यास पर्यावरणीय भरपाईची तरतूद केली. कायद्याची दिशा अशी स्पष्ट आहे. प्रश्न आहे तो बांधकामाच्या जागी काय घडते याचा.

राखेचे दगडात रूपांतर :

सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर दोन प्रमुख पदार्थ तयार होतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. गिट्टी व रेती यांना धरून ठेवणारा खरा बंध तोच. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना. हा चुना मजबुतीला फारसा हातभार लावत नाही. उलट पाण्याबरोबर झिरपून काँक्रीट सच्छिद्र करू शकतो. राखेतील काचरूप सिलिका याच चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात संयोग पावते आणि त्यातून बंधकारक पदार्थाची आणखी भर पडते. पोकळ्या भरल्या जातात व काँक्रीट अधिक घट्ट होते.

हे तत्त्व नवे नाही. नेपल्सजवळील पोझ्झुओली परिसरातील ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात मिसळत असत. त्या गावावरूनच अशा पदार्थांना ‘पोझोलाना’ हे नाव मिळाले. आपल्याकडे भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळण्याची रीत होती. सुरखी, ज्वालामुखीची राख, भूऔष्णिक सिलिका आणि कोळशाची राख ही एकाच कुळातील भावंडे होत. मात्र भूऔष्णिक सिलिका खाऱ्या पाण्यातून येत असल्याने तिच्यात क्षार असतात. लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटमध्ये वापरण्यापूर्वी ती धुवावी लागते, अन्यथा क्लोराइडमुळे सळई गंजते.

राखेचे फायदे तीन प्रकारचे आहेत. एक, एक टन क्लिंकर तयार करताना सुमारे ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. राखेमुळे क्लिंकरची गरज घटते. दोन, काँक्रीट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता कमी होते, म्हणून मोठ्या धरणांत राख विशेष उपयोगी ठरते. अकोले तालुक्यातील घाटघर जलविद्युत प्रकल्पाच्या रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या धरणांत सिमेंटपेक्षा राखेचे प्रमाण अधिक ठेवण्यात आले होते. तीन, पाणी व क्षार यांचा काँक्रीटमधील शिरकाव मंदावतो.

मानके व प्रत्यक्ष व्यवहार :

भारतीय मानक आय.एस. ३८१२ नुसार पोझोलाना म्हणून वापरावयाच्या सिलिकायुक्त राखेत सिलिका, अॅल्युमिना व लोह ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के असावे लागतात. न जळलेल्या कोळशाचे प्रमाण दर्शविणारी ज्वलनहानी ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. राखेचा काळसर रंग ती तपासून घेण्याचा इशारा देतो. केवळ रंगावरून प्रत मात्र ठरत नाही.

येथे एक बाब आवर्जून नमूद करावीशी वाटते. राखेचे काँक्रीट ही भविष्यातील गोष्ट नव्हे. आपण ते आजच वापरीत आहोत. बाजारात मिळणारे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, ज्यास ‘पीपीसी’ म्हणतात, त्यात राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते. म्हणजे ५० किलोच्या पिशवीत ७.५ ते १७.५ किलो राख आधीच मिसळलेली असते. अशा सिमेंटमध्ये बचतीसाठी जागेवर पुन्हा राख मिसळणे चुकीचे आहे. आय.एस. ४५६ : २००० या संहितेने राखेला परवानगी दिली आहे ती साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काही भागाऐवजी, योग्य प्रतीची राख एकसारखी मिसळली जाण्याच्या अटीवर.

पाणी व अवधी – कळीचा मुद्दा :

राखेची अभिक्रिया सावकाश चालते. आधी सिमेंटपासून चुना सुटला पाहिजे, नंतर राख त्याच्याशी संयोग पावते. म्हणून राखयुक्त काँक्रीटची सुरुवातीची ताकद कमी असते आणि २८ दिवसांनंतरही ती वाढत राहते. आतील ओलावा लवकर आटला, तर ही दुसरी अभिक्रिया अर्धवट राहते. तेव्हा राख बंध न बनता केवळ भरताड म्हणून उरते.

याच कारणाने आय.एस. ४५६ ने साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस सतत ओले ठेवण्यास सांगितले आहे. कोरड्या व उष्ण हवामानात राखमिश्रित काँक्रीटसाठी हा अवधी १४ दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारस आहे. आपल्याकडे शेतीची कामे उरकल्यावर, म्हणजे फाल्गुन ते वैशाख या काळात, घरे बांधली जातात. कडक ऊन, कोरडा वारा आणि आटलेल्या विहिरी यांचा काळही हाच. पीपीसी आले, परंतु पाणी मारण्याची सवय जुन्या सिमेंटचीच राहिली.

लेखकाच्या स्वतःच्या घराचा स्लॅब एप्रिल महिन्यात पडला. टँकरचे पाणी पाच दिवस पुरले. सहाव्या दिवशी ‘आता भरपूर झाले’ असे घरातील सर्वांनीच मानले, त्यात लेखकही होता. पुढे तिसऱ्या पावसाळ्यात छताच्या खालच्या अंगाला ओल दिसू लागली. एका घरावरून निष्कर्ष काढता येत नाही. परंतु प्रस्तुत विषयाकडे लेखक वळला तो या ओलीमुळे.

पाण्याचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. ५० चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे ५४० चौरस फुटांच्या स्लॅबवर आळी करून ५ सेंटिमीटर पाणी साठविल्यास २,५०० लिटर लागतात. रोज एक सेंटिमीटर बाष्पीभवन धरल्यास दररोज ५०० लिटरची भर घालावी लागेल. सात दिवसांसाठी एकूण ६,००० लिटर, चौदा दिवसांसाठी ९,५०० लिटर. फरक ३,५०० लिटरचा, म्हणजे पाच हजार लिटरच्या एका टँकरपेक्षाही कमी. ओली पोती अंथरून वर प्लॅस्टिकचा कागद घातल्यास हाही खर्च घटतो. घराच्या एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे.

पाण्याची प्रतही महत्त्वाची आहे. आपल्या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग आपण मानतो. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत खारपाणपट्टा आहे. सळई असलेल्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आय.एस. ४५६ मध्ये आहे. घट्ट राखयुक्त काँक्रीट बाहेरील क्षारांना रोखते; मात्र खारे पाणी वापरून आपणच आत घातलेल्या क्षारांवर तो पूर्ण उपाय नाही. घाटावर पाण्याची टंचाई तर घाटाखाली क्षारता, अशी ही दुहेरी अडचण आहे.

निष्कर्ष व सूचना :

१. औष्णिक राख हा निकृष्ट पर्याय नसून, योग्य प्रतीची असल्यास संरचनात्मक काँक्रीटचा उपयुक्त घटक आहे.

२. तिचे गुण आपोआप प्रकट होत नाहीत. त्यासाठी चौदा दिवसांचा ओलावा व संयम आवश्यक आहे.

३. स्लॅबखालील टेकू काढण्याचे संहितेतील अवधी साध्या सिमेंटसाठी दिलेले आहेत. राखमिश्रित सिमेंटसाठी ते अभियंत्याच्या सल्ल्याने वाढवावेत.

४. घरकुलांच्या अंदाजपत्रकात पाण्याचा खर्च स्वतंत्रपणे दाखविल्यास गवंडी व घरमालक या दोघांनाही त्याचे महत्त्व पटेल.

५. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही साधी माहिती गावोगाव पोहोचवावी. सिमेंटच्या पिशवीवरील मजकूर वाचून दाखविणे हीसुद्धा चांगली सुरुवात ठरेल.

पारसची राख पिशवीत बंद होऊन आपल्या घरापर्यंत आलेलीच आहे. तिचा दगड करावयाचा की धूळ, हे पुढील चौदा दिवसांत आपण ठरवीत असतो.