साठ लिटरांचा समुद्र

घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावतोय म्हटलं की मुंबईत पहिला प्रश्न ठरलेला असतो: समुद्र पलीकडेच आहे, मग मीठ विकत कशाला आणायचं? चौपाटीवरून चार कॅन भरून आणले की झालं. प्रश्न रास्त आहे, आणि बेताच्या पैशांत प्रवाळाची टाकी करू पाहणाऱ्याने त्याचं उत्तर आधी समजून घ्यावं. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाण्यातून आलेली नायट्रेट-फॉस्फेटं असतात, आणि पावसाळ्यात नाले-खाड्यांच्या पाण्याने खारटपणा उतरतो. प्रवाळाला हवं असतं लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षारांचं नितळ पाणी. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. गोगलगायीच्या शंखापासून प्रवाळापर्यंत सगळ्यांना कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेटही लागतात. म्हणून माझं ठाम मत आहे: पैसे कमी असतील तर ते पाण्यावर खर्च करावेत, दिखाऊ वस्तूंवर नव्हे.

टाकी काचवाल्याकडून करून घ्यावी. दोन फूट लांब, फूटभर रुंद, चौदा इंच उंच अशा मापात ६० लिटर पाणी आरामात राहतं. याहून लहान टाकी स्वस्त वाटते, पण थोडक्या पाण्यात तापमान आणि खारटपणा झपाट्याने बदलतात आणि जीव त्यातच जातात. दगड-काचेसकट वजन ८० किलोंच्या वर जातं, तेव्हा स्टँड भक्कम हवा, टाकीखाली थर्माकोलचा पत्रा हवा. महागडा फिल्टर लागत नाही. एवढ्याशा टाकीला फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचीही गरज नाही. मासे कमी ठेवले आणि दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदललं की भागतं. पाणी खेळतं ठेवायला एक पॉवरहेड आणि वर निळा-पांढरा एलईडी दिवा पुरतो. दिव्यात मात्र फार कंजुषी करू नये. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याने प्रकाशातून बनवलेल्या अन्नावरच त्याची बरीचशी गुजराण होते.

पाणी आरओचं हवं आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून गेलेलं हवं. घरच्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते, ते पाणी थेट घेऊ नये. टीडीएस मीटर शून्याच्या आसपास दिसला पाहिजे. समुद्री टाकीसाठी मिळणारं मीठ बादलीत वेगळं कालवायचं, टाकीत कधीच नाही. ६० लिटरांना सव्वादोन किलोंच्या आसपास मीठ जातं. रात्रभर पंप लावून ठेवला की सकाळी पाणी काचेसारखं होतं. मग रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून पाहायचं: सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६. ही रेघ अचूक जमल्याचं समाधान मला अजूनही तितकंच वाटतं.

यानंतर सहा-सात किलो सच्छिद्र कोरडे दगड रचायचे आणि थांबायचं. खरं काम आता सुरू होतं, आणि दिसत मात्र काहीच नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी सोसवतं. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्ती करेपर्यंत महिना-दीड महिना जातो. कुणा मित्राच्या चालू, निरोगी टाकीतला एखादा दगड मिळाला तर विरजणासारखा उपयोगी पडतो. नाहीतर चिमूटभर खाद्य टाकून, टेस्ट किटमधले रंग पाहत वाट बघायची. अमोनिया चढतो, उतरतो. मग नायट्राइट चढतं, उतरतं. दरम्यान दगडांवर तपकिरी थर धरतो. ते डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल असतं, आपोआप जातं. औषध घालू नये. तांबं असलेलं औषध तर मुळीच नको, त्याने गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ मरतात. दोन्ही विषांचा आकडा शून्यावर येऊन टिकला की मगच पहिला जीव सोडायचा. दुकानदार पहिल्याच दिवशी मासे देऊ पाहतो, घेऊ नयेत.

आपल्याकडे मोठा शत्रू म्हणजे उन्हाळा. पाणी २५-२६ अंशांवर हवं आणि चिलर बाकी सगळ्या सामानापेक्षा महाग पडतो. पाण्यावर तिरका छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण रोज लिटरभर पाणी उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. त्यामुळे भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. काचेवर मार्करने रेघ ओढून रोज सकाळी तिथवर पाणी आणायचं.

आता जीव. नारिंगी-पांढरा क्लाउनफिश हॅचरीत वाढवलेला मिळतो. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने त्याचं प्रजननतंत्र बसवलं आहे आणि कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोलीत शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी उभारली आहे. एक जोडी, काही गोगलगायी, एखादी कोळंबी आणि झोअँथिडसारखा मऊ प्रवाळ एवढ्यावर टाकी भरते. झोअँथिड हातमोजे घालूनच हाताळावा आणि तो चिकटलेला दगड कधीही उकळू नये. त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं.

दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विजयदुर्गपासून समुद्रात शंभराहून अधिक किलोमीटरवरची आंग्रिया बँक, मालवणचे खडक, अगदी हाजी अलीचे खडक, सगळीकडे प्रवाळ आहेत. मुंबईच्या किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी-हाजी अलीच्या प्रवाळ-वसाहती परवानगी काढून हलवाव्या लागल्या होत्या. तिथून फोडून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ स्वस्तात मिळाला, तरी ती चोरी आहे. मासा किंवा प्रवाळ घेताना तो कुठून आला ते विचारा आणि बिल मागा. दोन्ही मिळत नसेल, तर त्या दुकानातून काहीही घेऊ नका.