आठवणी मेंदूत कशा राहतात?

१९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला. पण गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार! तीसहून अधिक वर्षांनी बाबासाहेबांनी हे बारकाव्यांसह लिहिले. इतके कसे आठवले?

मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग प्रसंगाचे दृश्य, आवाज, वास एकत्र गुंफतो. शेजारचा अमिग्डाला भीती-अपमानाचा प्रसंग पक्का करतो. पुढे एखाद्या खुणेने, समजा आमच्या खुटबाव स्टेशनवरच्या गाडीच्या शिट्टीने, सारे तुकडे पुन्हा जुळतात. जुळताना थोडाफार बदलही होतो.

म्हणून बंधू-भगिनींनो, आम्ही सांगतो: आजी-आजोबांच्या आठवणी आजच विचारा, साल-गावासह वहीत लिहा. माणूस गेला की आठवणही गेली.