रापण : वाट्यावर चालणारा कारभार

रापण म्हणजे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडून किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढून घेण्याचे लांबलचक जाळे. सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांतल्या त्याच्या वाळूच्या पट्ट्यांवर गाबीत समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ही मासेमारी केली आहे. हे जाळे एका घराच्या ऐपतीचे नसते आणि एका घराच्या माणसांनी ते ओढलेही जात नाही. म्हणून रापण आली की रापणसंघ आला. या संघाला मालक नसतो. पगारी नोकर नसतो आणि बहुतेक ठिकाणी लेखी घटनाही नसते. तरीही भांडवल उभे करणे, माणसे कामाला लावणे, निर्णय घेणे, नफा-तोटा वाटणे आणि बदलत्या काळाशी जुळवून घेणे, ही कुठल्याही मोठ्या कारखान्याला करावी लागणारी सगळी कामे हा संघ करत आला आहे.

रापण कुठेही टाकता येत नाही. तळ वाळूचा आणि सपाट लागतो, कारण जाळ्याची खालची कड तळाला टेकून सरकत आली पाहिजे. खडकात जाळे अडकले की ते फाटते आणि मासा निसटतो. मालवण बंदराच्या तोंडाशी, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, खडकांची दाटी आहे. त्यामुळे रापणीचे खरे किनारे म्हणजे दांडी, तारकर्ली, देवबाग आणि उत्तरेकडे तोंडवळी-तळाशील. हंगाम ठरतो तो मासळीच्या चालीवर. पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या पाण्यात खालचे पोषक द्रव्य वर येते, सूक्ष्म वनस्पती आणि जीव वाढतात आणि त्यांच्या मागे बांगडा, तारली, पेडवे यांचे थवे उथळ पाण्यात शिरतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन झाला आणि पाणी निवळू लागले, की रापणीचे दिवस सुरू होतात.

कामाची सुरुवात बघण्यापासून होते. अनुभवी माणूस किनाऱ्यावर उभा राहून पाण्याचा रंग बघतो. पृष्ठभागावर एखाद्या ठिकाणी पाणी काळसर दिसते, बारीक खळबळ होते, पक्षी घिरट्या घालून सूर मारतात. थवा केवढा, कुठल्या दिशेने चालला आहे आणि भरती-ओहोटीची ओढ त्याला कुठे नेईल, याचा अंदाज काही मिनिटांत बांधावा लागतो. मग होडीत घड्या घालून ठेवलेले जाळे घेऊन वल्हेकरी निघतात. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती राहतो. होडी थव्याच्या पलीकडून वळसा घेते, जाळे पाण्यात सुटत जाते आणि दुसऱ्या टोकाचा दोर बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागतो.

मग ओढणे. दोन्ही दोरांवर माणसांच्या दोन रांगा लागतात. टाचा वाळूत रोवून, अंग मागे झोकून एकेक पाऊल मागे सरकायचे. रांगेतला शेवटचा माणूस वर कोरड्या वाळूपर्यंत पोचला की दोर सोडतो, पळत खाली येतो आणि पाण्याच्या कडेला पहिला होऊन पुन्हा दोर धरतो. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. या फिरण्यात ताकदीचा गडी आणि साठी ओलांडलेला म्हातारा एकाच क्रमाने येतात. दोन्ही रांगा ओढता ओढता हळूहळू एकमेकींकडे सरकत असतात. एक बाजू पुढे गेली की जाळे तिरके होते, वरच्या कडेचे तरंगते गोळे वाकडी रेघ दाखवतात आणि मासळी मोकळ्या बाजूला धावते. म्हणून दोन्हीकडचा वेग सारखा राखणे हेच या कामातले सगळ्यात मोठे कौशल्य. शेवटी बारीक आसाचा, खोलगट मधला भाग उथळात येतो. काही माणसे कमरेइतक्या पाण्यात उतरून जाळ्याची खालची कड पायांनी दाबून धरतात, वरची कड हातांनी उचलतात, आणि पाणी चांदीसारखे उसळू लागते.

या सगळ्याचा सूत्रधार तांडेल. जाळे कधी सोडायचे, वळसा केवढा घ्यायचा, कुठली बाजू थांबवायची, हे तो सांगतो आणि ओढ चालू असताना त्याच्या शब्दावर कोणी वाद घालत नाही. पण त्याचा अधिकार तेवढ्यापुरताच असतो. मासळी वाळूवर आली की तो बाकीच्यांसारखा एक वाटेकरी होतो. फार तर जबाबदारीपोटी त्याला थोडे जास्त मिळते. जाळे कधी बदलायचे, पैसे कशावर खर्च करायचे, नवा माणूस घ्यायचा की नाही, हे निर्णय सगळे मिळून बसून घेतात. तांडेलपण वशिल्याने मिळत नाही आणि मिळाले तरी टिकत नाही, कारण त्याचा प्रत्येक निर्णय त्याच दिवशी, सगळ्या गावासमोर, वाळूवर मोजला जातो. चुकलेल्या अंदाजाने पन्नास माणसांची सकाळ फुकट गेली तर ते लपवायला जागा नसते. नेतृत्वाची इतकी उघडी आणि इतकी तातडीची परीक्षा फारच थोड्या व्यवसायांत होत असेल.

संघाचा खरा कणा म्हणजे वाटा. बारीकसारीक नियम गावागणिक वेगळे, पण घडी साधारण एक. जाळे अनेक तुकडे जोडून केलेले असते आणि पूर्वी प्रत्येक वाटेकरी घर आपल्या हिश्शाचा तुकडा आणत असे. त्यामुळे भांडवलात ज्याचा भाग, त्याचाच श्रमातही भाग. मासळीचे पैसे हाती आले की आधी होडी, जाळे आणि दोर यांच्या दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला निघते. उरलेले वाट्यांप्रमाणे वाटले जातात. वाटा व्यक्तीपेक्षा घराचा मानला जातो, म्हणून बाप थकला की मुलगा दोराला येतो. वाटेकरी नसलेला, वाटेने चाललेला माणूस ओढीला हात लावतो, तर त्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. हे दान समजले जात नाही. दोराला हात लागला म्हणजे त्यावर हक्क आला, असाच तो व्यवहार आहे.

या पद्धतीत पगार नाही, म्हणून तोट्याचा दिवसही वाटूनच घेतला जातो. रापण रिकामी आली तर सगळ्यांचीच रिकामी. उलट ज्या दिवशी बांगड्याचा मोठा थवा लागतो त्या दिवशी गावातल्या दुबळ्यातल्या दुबळ्या घरीही पैसा पोचतो. मासळी किनाऱ्यावरच टोपल्यांच्या हिशेबाने विकली जाते. तिथून बायका ती डोक्यावरून मालवणच्या बाजारात आणि आतल्या गावांत नेतात. जास्तीची मासळी सुकवली जाते, खारवली जाते. म्हणजे दोर ओढणाऱ्यांइतकीच आणखी कितीतरी घरे याच रापणीवर चालतात.

दोष नव्हते असे नाही. हिशेब तोंडी राहिला की संशय वाढतो. भाऊबंदकीचे तंटे संघात शिरतात आणि एका संघाचे दोन होतात. शेजारशेजारच्या संघांत कोणी कुठे आणि आधी जाळे टाकायचे यावरून जुंपते. पाळी ठरवून आणि गावातल्या जाणत्यांना मध्ये घालून हे वाद मिटवले जात. अशा तंट्यांतूनच पाळीचे आणि वाट्याचे नियम घट्ट होत गेले.

पहिला मोठा बदल धाग्यातून आला. पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात वेळोवेळी बुडवून वाळवावी लागत. पावसाळ्यात घराघरांत जाळी विणणे आणि सांधणे चाले, आणि पोरे ते बघत बघतच कामाला लागत. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत नायलॉन आला. तो हलका, मजबूत आणि न कुजणारा. रापणकरांनी तो आनंदाने स्वीकारला, आणि ते योग्यच होते. बदलाला हा समाज मुळात विरोधी नाही याचा हा पुरावा आहे. पण नायलॉनचे जाळे विकत आणावे लागते. घरच्या श्रमातून उभे राहणारे भांडवल आता रोख पैशातून उभे करावे लागू लागले, आणि पैसे कोण घालणार हा प्रश्न संघात पहिल्यांदाच ठळक झाला.

दुसरा बदल इंजिनाचा, आणि त्याने सगळा हिशेबच उलटला. ट्रॉलर तळ खरवडत जाळे ओढतो. पर्ससीन नौका थव्याला उभ्या जाळ्याचा वेढा देते आणि तळाची दोरी खेचून ते बटव्यासारखे मिटवते. रापण किनाऱ्याशी येणाऱ्या माशाची वाट बघते. पर्ससीन तोच मासा वाटेतच गाठते. रापणीचे कौशल्य कमी पडले नाही. मासाच तिच्यापर्यंत येईनासा झाला. त्याबरोबर कामाची रीतही बदलली. यांत्रिक नौकेला मालक असतो, बँकेचे कर्ज असते आणि खलाशी असतात. कोकणच्या बंदरांत हे खलाशी बहुतेक परप्रांतांतून, कित्येक तर नेपाळातून येतात आणि आगाऊ रक्कम घेऊन हंगामभर राबतात. त्यांना जाळ्यात हिस्सा नसतो आणि निर्णयात आवाज नसतो.

शेजारच्या दोन किनाऱ्यांनी या संकटाला वेगवेगळी उत्तरे दिली. कर्नाटकात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मंगळूर-मालपे भागात पर्ससीन आली आणि थोड्याच वर्षांत तिथल्या रापणी मोडल्या. तिथे काही रापण गटांनी एकत्र कर्ज काढून स्वतःच पर्ससीन नौका घेतल्या. संघ टिकला, साधन बदलले. गोव्यात रापणकर रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनाने किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवण्याची मागणी लावून धरली आणि ती तिथल्या कायद्यात उतरली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. त्याखाली किनाऱ्याजवळच्या ठरावीक वाव खोलीपर्यंत ट्रॉलिंगला मनाई करण्यात आली.

मालवणच्या रापणकरांचा मार्ग मुख्यतः संघटनेचा आणि कायद्याचा राहिला. मोर्चे, निवेदने, समुद्रात अडवाअडवी हे सगळे त्यांनी केले. सोमवंशी समितीच्या अभ्यासानंतर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून पर्ससीनचा काळ १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर इतका मर्यादित केला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२पर्यंत खाली आणण्याचे ठरवले. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी ओढून घेण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७मध्ये बंदी घातली. २०२१मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दंडाच्या रकमा लाखांच्या घरात नेल्या. कागदावर हे मोठे यश आहे. समुद्रात मात्र गस्तीच्या नौका थोड्या आणि पट्टा लांब, म्हणून तक्रारी दर हंगामात उठतात. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्या किनाऱ्यावर पाळी आणि वाटा ठरवण्याची सवय असलेले संघ नसते, तर ही मागणी इतकी वर्षे एका सुरात कोणी मांडू शकले नसते.

संघांच्या आतही बदल झाले. जाळी लहान झाली, त्यामुळे पूर्वी पन्नास-साठ माणसांचे काम कमी माणसांत होऊ लागले. वल्ह्याच्या होडीला बाहेरून बसवायचे छोटे इंजिन लागले. पुष्कळ वाटेकऱ्यांनी फायबरच्या छोट्या नौका घेऊन गिलनेटने मासेमारी सुरू केली आणि रापण हे हंगामभराचे काम न राहता काही महिन्यांचे, काही सकाळींचे झाले. तारकर्ली-देवबागात पर्यटन वाढल्यावर त्याच घरांतली मुले स्कूबा डायव्हिंगच्या आणि सफारीच्या नौकांवर गेली, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी निघाल्या. यात खंत करण्यासारखे काही नाही. पर्यटनाचा पैसा रोजचा आहे आणि रापणीचा नशिबाचा. मात्र हंगाम आणि पर्यटकांची गर्दी एकाच वेळी येते, आणि थवा दिसला त्या घटकेला हाताशी माणसे जमवणे हीच आता तांडेलची मोठी अडचण असते.

किनाराही पूर्वीचा उरलेला नाही. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली अरुंद वाळूची पट्टी. तिची धूप थांबवण्यासाठी दगडी बंधारे बांधले गेले. घरे वाचवायला ते हवेत, पण बंधाऱ्याच्या दगडांवर रापण ओढता येत नाही. रांगेला मागे सरकायला मोकळी वाळू लागते. मे २०२१मधल्या तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरच्या होड्यांचे आणि जाळ्यांचे नुकसान केले. मालकाचे नुकसान त्याच्या एकट्याचे असते. संघाचे जाळे गेले की बाजूला काढलेल्या रकमेतून ते उभे करता येते, पण ती रक्कम आधीच आटलेली असेल तर नाही.

आज सकाळी तारकर्लीच्या वाळूवर रापण ओढली जाते तेव्हा पर्यटकही हौसेने दोर धरतात. त्यांना कोणी अडवत नाही. उलट रांगेत जागा करून दिली जाते आणि पाय कसे रोवायचे ते सांगितले जाते. मासळी वर आली की त्यांच्या हातावरही दोन-चार बांगडे ठेवले जातात. वाट्याचा हिशेब मात्र त्यानंतर वाटेकऱ्यांतच बसून होतो, आधी दुरुस्तीची रक्कम काढून.