परसातल्या कोंबड्यांचे पाण्याचे भांडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परसातल्या आठ-दहा कोंबड्यांसाठी पाण्याचे भांडे मुद्दाम विकत घ्यावे, हे अनेकांना पटत नाही. जुने घमेले, कापलेला टायर, फुटक्या माठाचा तळ यांवर काम भागवले जाते. ज्यांना पटते तेही दुकानात भांड्याची जाडी आणि वजन पाहून निवड करतात. दोन्हींच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत.

त्यांतला पहिला म्हणजे कोंबडीला पाणी फारसे लागत नाही. ती चोच बुडवते, मान वर करून थेंबभर पाणी घशात सोडते आणि निघून जाते, म्हणून तसे वाटते. प्रत्यक्षात अंड्यावरची कोंबडी बेताच्या हवामानात दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. खाद्याच्या वजनाच्या हे जवळपास दुप्पट भरते. कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात मुख्यतः धापा टाकत श्वासावाटे पाणी गमावून ती अंग थंड ठेवते. त्यामुळे पारा पस्तिशीच्या वर गेला की तिची गरज दुपटीवर जाऊ शकते. अंड्यातही सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, आणि एक दिवस पाणी तुटले तरी अंडी घटतात. दहा कोंबड्यांचा हिशेब एरवी अडीच लिटरांचा, तर विदर्भातल्या मे महिन्यात पाच लिटरांचा धरावा.

दुसरा गैरसमज सर्वांत घट्ट : पत्रा टिकतो, प्लॅस्टिक टिकत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे भांडे दणकट असते, यात शंका नाही. पण त्याचे आयुष्य पत्र्यावर नव्हे, मुलाम्यावर ठरते. रोजच्या घासण्याने तो आधी कडेला आणि सांध्यावर झिजतो आणि गंज तिथूनच शिरतो. पाण्यात व्हिनेगर किंवा मोरचूद घातला तर हे काम फारच लवकर होते. शिवाय सुटलेले जस्त कोंबड्यांच्या पोटात जाते आणि प्रमाणाबाहेर ते विषारी असते. मानमोडीची लासोटा लस पाण्यातून द्यायची तेव्हाही धातूचे भांडे चालत नाही, कारण त्यातली जिवंत लस कमजोर पडते. म्हणजे पत्र्याचे भांडे असले तरी लसीच्या दिवशी प्लॅस्टिकचे शोधावे लागतेच.

स्टेनलेस स्टील गंजाच्या बाबतीत बरे, पण सगळे स्टील सारखे नसते. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. स्वस्त प्रतींत निकेल कमी असते आणि कोकणच्या खाऱ्या हवेत त्यांवर तांबूस ठिपके धरतात. उन्हात ठेवले तर स्टीलमधले पाणी झपाट्याने तापते, आणि तापलेले पाणी कोंबड्या टाळतात.

प्लॅस्टिकचा खरा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते. आधी रंग उडतो, मग पृष्ठभागावर बोटाला लागेल अशी पांढरी भुकटी येते आणि एके दिवशी कड दाबली की ती मोडते. ठिबकच्या नळ्या काळ्या असण्यामागे हेच कारण आहे : काजळीची पूड मिसळलेले प्लॅस्टिक उन्हाला कितीतरी जास्त टिकते. म्हणून गडद रंगाचे, जाड एचडीपीई हा परसासाठी चांगला पर्याय ठरतो. दुधी, अर्धपारदर्शक भांड्यात पाण्याची पातळी बाहेरून दिसते ही सोय खरी. पण उजेड आत गेल्याने शेवाळही त्यातच धरते. गडद भांडे तापते, तेव्हा सावली मात्र हवीच.

मातीचे परळ पाणी गार ठेवते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते. त्याच्या छिद्रांत बसलेली घाण घासून निघत नाही. आतून झिलई असलेले चिनी मातीचे जड भांडे त्याहून चांगले.

बाजारात सर्वाधिक खपतो तो तबकडीवर उपडा बसणारा डबा. त्याची भिंत जाड म्हणजे तो टिकाऊ, ही समजूत अर्धवट आहे. तबकडीतले पाणी भोकाच्या वर आले की आत हवा शिरायची थांबते आणि बाहेरच्या हवेचा दाब आतले पाणी धरून ठेवतो. डब्याच्या वरच्या भागाला केसाएवढी चीर गेली, तरी हवा आत जात राहते आणि सगळे पाणी तबकडीवरून वाहून जाते. भिंत कितीही जाड असली तरी मग उपयोग नाही. नवे भांडे भरून रात्रभर सावलीत, सपाट जागी, कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवावे. सकाळी कागद भिजलेला दिसला तर ते परत करावे. चांगला डबाही उन्हात ठेवला तर आतली हवा फुगून पाणी बाहेर ढकलते, आणि तिरक्या विटेवर ठेवला तर खालच्या बाजूने रिता होतो. अशा वेळी दोष भांड्याला दिला जातो. प्रत्यक्षात आधी मोडतात त्या तबकडी अडकवण्याच्या खाचा आणि कडीचा सांधा. भरलेला पाच लिटरचा डबा पाच किलोंहून जड असतो, तेव्हा खरेदी करताना हेच दोन भाग दाबून पाहावेत.

बादलीला निपल, म्हणजे चोचीने पिन ढकलली की थेंब सोडणारी तोटी, लावले की काम संपले, असे सांगितले जाते. निपलचे पाणी स्वच्छ राहते आणि खालची जमीन कोरडी राहते, हे खरे. परंतु विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचा क्षार आणि बारीक रेती पिनेत अडकते. मग निपल एकतर बंद पडते किंवा गळत राहते. ते बंद पडल्याचे बाहेरून दिसतही नाही. रोज प्रत्येक पिनेला बोट लावून पाहणे हाच उपाय. बादलीचे झाकण हवाबंद असेल तर पाणी उतरत नाही, म्हणून त्याला बारीक भोक ठेवावे. दहा कोंबड्यांना एक निपल हिशेबाने पुरते, तरी दोन लावावीत, कारण दांडगी कोंबडी इतरांना जवळ येऊ देत नाही. पसरट भांड्याची सवय असलेल्या कोंबड्या निपल शिकेपर्यंत जुने भांडे काढू नये.

मोठे भांडे आठवड्यातून एकदा भरले की झाले, हा हिशेबही चुकीचा. उघड्या पाण्यात चोचीतले खाद्य आणि नाकातला स्राव मिसळतो, आणि सर्दीसारखे रोग त्यातूनच पसरतात. आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर बसतो. तो आधी घासून काढला नाही तर नंतर टाकलेले ब्लीचिंग त्या थरातच खर्ची पडते. उष्ण हवेत डासांची पैदास साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात पूर्ण होऊ शकते. रोजचे घासणे सोसेल आणि ज्याच्या तोंडातून हात आत जाईल, तेच भांडे टिकाऊ म्हणावे.

भांडे जमिनीवरच ठेवायचे, ही सवयही सोडावी लागते. कोंबड्या उकरतात आणि त्यात तूस-माती भरते. कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असे ते टांगावे किंवा विटांवर ठेवावे. पिल्ले वाढतील तशी उंची वाढवावी. अगदी लहान पिल्लांच्या तबकडीत गोटे टाकावेत, म्हणजे ती बुडत नाहीत. सांडलेल्या पाण्याने तूस ओले राहिले की रक्ती हगवणीचे जंतू तिथे तयार होतात. त्यांना ओल आणि ऊब लागते.

दहा कोंबड्यांसाठी एका दहा लिटरच्या भांड्यापेक्षा पाच-पाच लिटरची दोन गडद भांडी सावलीत टांगणे योग्य. एक धुण्यात असले किंवा फुटले तरी दुसरे चालू राहते. ज्या भांड्याची तबकडी त्याच दुकानात सुटी मिळत नाही, ते कितीही दणकट दिसले तरी घेऊ नये.