पिशवी काढण्याआधी: ऑपरेशनचा गुण येतो की नाही, हे कसं ठरवतात?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला बसले होते. बचत जमा झाली, हप्ते वसूल झाले आणि मग कर्जाची मागणी आली. एका ताईला चाळीस हजार रुपये पाहिजे होते. कारण लिहिलं होतं, 'पिशवीचं ऑपरेशन'. ताईचं वय 34, लेकरं दोन. पाळीत अंगावरून फार जातं, ओटीपोट दुखतं, अधूनमधून पांढरं जातं. डॉक्टर म्हणाले, "पिशवीला सूज आहे. आत्ता काढली नाही तर पुढं कॅन्सर होईल." दसरा झाला की टोळी कारखान्यावर जाणार, त्याआधी उरकून घ्यावं असा घरच्यांचा विचार.

गटातल्या एक आजी म्हणाल्या, "माझी काढली, मला चांगला गुण आला. देऊन टाका पैसे." दुसरी लगेच म्हणाली, "माझी काढली अन् तवापासून कंबर धरली ती धरलीच." आता दोघींपैकी खरं कोणाचं? दोघींचंही खरंच आहे. अडचण अशी की एकीच्या अनुभवावरून दुसरीचं काय होईल हे सांगता येत नाही. शिवाय पाळीचा त्रास काही महिने वाढतो, काही महिने आपोआप कमी होतो. ज्या महिन्यात सगळ्यात जास्त त्रास होतो त्याच महिन्यात आपण दवाखाना गाठतो. नंतर थोडं बरं वाटलं, तर ते ऑपरेशननं की आपोआप, हे कसं ओळखायचं?

शेतातलं उदाहरण घ्या. सोयाबीनचं नवं बी विहिरीजवळच्या काळ्या रानात पेरलं आणि जुनं बी माळावर, तर नव्या बियाण्याचा उतारा जास्त येणारच. बियाणं खरंच चांगलं आहे का, हे बघायचं तर जमीन, पाणी, खत सगळं सारखं पाहिजे. ऑपरेशनचंही तसंच. सारखा आजार असलेल्या बायकांचे दोन गट करायचे. कोण कुठल्या गटात जाईल हे डॉक्टरांनी किंवा घरच्यांनी ठरवायचं नाही, भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्या गटाला दुसरा उपचार. मग काही वर्षं दोन्हींकडे लक्ष ठेवायचं. भाग घेणाऱ्या प्रत्येकीला आधी सगळं समजावून तिची संमती घ्यावी लागते.

अशी तपासणी केली की कधी कधी डॉक्टरांनाच धक्का बसतो. अमेरिकेत ह्यूस्टनला गुडघेदुखीच्या 180 रुग्णांवर अभ्यास झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतली झीज साफ केली किंवा सांधा धुतला. काहींच्या कातडीवर नुसते छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. आपल्याला कुठलं ऑपरेशन झालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन वर्षांनी बघितलं तर दुखणं सगळ्यांचं जवळपास सारखंच. हे 2002 साली छापून आलं. (ही गोष्ट दुर्बिणीनं गुडघा साफ करण्याची आहे. गुडघ्याची वाटी बदलण्याचं ऑपरेशन वेगळं, त्यात गल्लत करू नका.)

आता पिशवीकडे येऊ. फिनलंड देशात पाळीत फार रक्त जाणाऱ्या 236 बायकांची अशीच तुलना झाली. निम्म्यांची पिशवी काढली, निम्म्यांना हार्मोन सोडणारी तांबी बसवली. पाच वर्षं पाठपुरावा केला. तांबीवाल्या गटातल्या 100 पैकी 42 जणींना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे तांबी ही काही जादू नाही. पण उरलेल्या 58 जणींचं ऑपरेशन टळलं. तब्येत आणि समाधान विचारलं तर दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता, आणि खर्च तांबीच्या गटात बराच कमी झाला. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं: ऑपरेशन चूक नव्हतं, पण अर्ध्याहून जास्त जणींना त्याची गरजच पडली नाही.

आणि 'कॅन्सर होईल' या भीतीचं काय? याचं उत्तर आपल्या शेजारीच शोधलं गेलंय. उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. लातूर 1982 पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं. मुंबईचं टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी मिळून 1999 मध्ये तिथं मोठं काम सुरू केलं. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त बाया. गावांचे 52 समूह केले आणि चिठ्ठ्यांच्याच पद्धतीनं चार भागांत वाटले. एका भागात पिशवीच्या तोंडाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्यात पाण्याचा नमुना काचेवर घेऊन तपासणी, तिसऱ्यात सिरका लावून नजरेनं तपासणी, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. प्रत्येकीची तपासणी एकदाच.

निकाल 2009 साली आला. आठ वर्षांत चौथ्या भागात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं 64 बाया गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात 34. साधारण निम्म्या. जिथं कॅन्सरच्या आधीची खराबी सापडली, तिथं पुष्कळदा ती जागा गारठवून किंवा तेवढाच भाग तारेनं कापून उपचार केला. त्यासाठी सगळी पिशवी काढावी लागत नाही. चौथ्या भागातल्या बायांना तपासणी का दिली नाही, असा प्रश्न नंतर बऱ्याच जणांनी विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. पण आपल्याच भागातल्या बायांनी दिलेलं हे ज्ञान आता जगभर वापरलं जातं, आणि आपल्याच गटांपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही.

पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळं असतं आणि गोळ्यांनी बरं होतं. पांढरं जातंय म्हणून कॅन्सर होणार, असा हिशोब नाही. शंका असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी करायची, तेवढ्यासाठी पिशवी काढून टाकायची नाही.

शेजारच्या बीडमध्ये काय झालं ते तुम्ही ऐकलंच असेल. ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्याची चर्चा झाली आणि 2019 मध्ये शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे 100 मागं जवळपास 17. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण 100 मागं 3 च्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांतल्या बायांची वयं सारखीच नसणार, त्यामुळं आकडे अगदी तंतोतंत लावता येत नाहीत. तरी एवढा फरक नुसत्या वयानं पडत नाही. कारण आपल्याला ठाऊक आहे. मुकादमाची उचल घेतलेली, पाळीत एक दिवस घरी राहिलं की खाडा पडतो, फडात ना पाणी ना आडोसा. मग 'पाळीची कटकटच नको' असं वाटतं, आणि 'काढून टाकू' म्हणणारे डॉक्टर भेटतात. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम लागला. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट या भागांतूनही टोळ्या जातात, तेव्हा हे फक्त बीडचं म्हणून सोडून देऊ नका. 2022 मध्ये केंद्रानं गरज नसलेली ही ऑपरेशनं थांबवण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जाण्याच्या वयातलं सगळं एकदम अंगावर येतं: हाडं ठिसूळ होणं, अंगातून गरम वाफा, झोप उडणं, पुढं हृदयाचाही धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी काही बायांमध्ये ती लवकर थकतात. तिशीतल्या बाईसाठी हे फार मोठं नुकसान आहे, आणि नेमकं हेच तिला आधी कोणी सांगत नाही.

म्हणून ऑपरेशन वाईटच, असंही डोक्यात घेऊ नका. कॅन्सर निघाला, पिशवी फार खाली आली, गाठी मोठ्या आहेत आणि औषधानं भागत नाही, बाळंतपणात रक्त थांबत नाही, अशा वेळी हेच ऑपरेशन जीव वाचवतं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही घरी थांबू नका. संबंध आल्यावर रक्त गेलं, तरी तपासणी करून घ्या.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका: माझा आजार नेमका कोणता, कागदावर नाव लिहून द्या. गोळ्या किंवा तांबीनं किती महिने बघता येईल? पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? अंडाशयं ठेवणार की काढणार? 'आजच भरती व्हा' म्हणाले आणि रक्त वाहत नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला वेळ आहे असं समजा. नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय संस्था, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि जुने कागद सोबत न्या.

त्या बैठकीत कर्जाचा अर्ज नाकारला नाही. एक महिना पुढं ठेवला, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडं जायला दोन हजार लगेच दिले. आशाताई सोबत गेल्या. संसर्ग निघाला, अंगात रक्त फार कमी निघालं, गाठ नाही. तोंडाच्या तपासणीचा रिपोर्ट यायचाय. सध्या तिला गोळ्या चालू आहेत. टोळीसोबत ती यंदा जाणार की नाही, हे घरात अजून ठरलेलं नाही, कारण उचल तर घेऊन बसलेत.