हिशेबाच्या वहींतील परके धागे

एकत्र कुटुंबाचा जमाखर्च पूर्वीं कीर्द-खतावणींत मावत असे. आतां पुष्कळ घरीं ती जागा संगणकावरील एक्सेलच्या वहीनें घेतली आहे. या वहीची एक मोठी सोय ही, कीं एका वहींतील आकडा दुसरींत आपोआप उतरवितां येतो. थोरल्या बंधूंनीं शेतीचा हिशेब ठेवावा, धाकट्यांनीं घरभाड्याचा, आणि दोहोंची बेरीज तिसऱ्या वहींत व्हावी, ही व्यवस्था कोणास आवडणार नाहीं?

परंतु मूळ वहीचें नांव बदललें किंवा जुना संगणक मोडींत निघाला, कीं हा धागा लोंबकळूं लागतो. वही उघडतांच दुवे अद्ययावत् करावयाचे काय, असा प्रश्न पुढें येतो, आणि आंत मात्र शिळेच आकडे राहतात. वाटणीच्या बैठकींत असा शिळा आकडा वाचला गेला, तर भावाभावांत किंतु उत्पन्न होण्यास तेवढें कारण पुरे होतें. शिवाय परक्या वहीचा पत्ता, आणि बहुधा तींतून घेतलेल्या आकड्यांची नक्कलही, या वहींतच सांठलेली असते. वही बाहेर पाठविली, म्हणजे तीही बाहेर जाते.

म्हणून दुवे तोडणें इष्ट. प्रथम वहीची एक प्रत बाजूस ठेवावी. नंतर ‘डेटा’ या भागांतील ‘एडिट लिंक्स’, किंवा नव्या आवृत्तींत ‘वर्कबुक लिंक्स’, उघडून ‘ब्रेक लिंक’ ही आज्ञा द्यावी. सूत्र जाऊन त्याच्या जागीं शेवटचा आकडा राहतो. ही क्रिया मागें घेतां येत नाहीं, हें ध्यानांत असावें. आज्ञेचें बटण मंद दिसत असल्यास पानावरील संरक्षण आधीं काढावें.

एवढें करूनही प्रश्न पुनः येतो, तेव्हां मनुष्य त्रासतो. कारण साधें आहे: ही आज्ञा मुख्यतः घरांतील सूत्रांचा समाचार घेते, इतरत्र दडलेले दुवे ती सोडून देते. ते असे शोधावे. कंट्रोल व एफ दाबून, पानाऐवजीं सबंध वही निवडून, सूत्रांमध्यें उघडता चौकटी कंस शोधावा. परक्या वहीचें नांव अशाच कंसांत असतें. लपविलेलीं पानेंही उघडून पाहावीं. मग कंट्रोल व एफ-३ दाबून ‘नेम मॅनेजर’ पाहावा. एका वहींतील पान दुसरींत उतरवितांना त्याबरोबर जुनीं नांवेंही येतात, आणि बहुतेक हट्टी दुव्यांचें बिऱ्हाड येथेंच असतें. कांहीं नांवें लपलेलीं असून या यादींत दिसत नाहींत. तीं उघडीं करण्यास लहानसा मॅक्रो लागतो. यानंतर ‘डेटा व्हॅलिडेशन’च्या याद्या, ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’चे नियम, आलेखांच्या मालिका आणि मॅक्रो जोडलेलीं बटणें तपासावीं.

तरीही चोर सांपडला नाहीं, तर आणखी एक युक्ति आहे. २००७ सालापासूनची एक्सएलएसएक्स वही ही वस्तुतः झिप पद्धतीनें बांधलेली पेटी असते. प्रतीच्या नांवाचें शेपूट बदलून ‘झिप’ केलें, कीं आंत ‘एक्सटर्नललिंक्स’ नांवाचा कप्पा दिसतो, व त्यांत परक्या वहीचा पत्ता मिळतो. मात्र पत्ता वाचून थांबावें. तो कप्पा तेवढाच काढून टाकल्यास त्याचे उल्लेख इतरत्र शिल्लक राहतात आणि वही बिघडल्याची तक्रार एक्सेल करतें.

शेवटीं वही जतन करून, बंद करून पुनः उघडावी. प्रश्न आला नाहीं, म्हणजे काम झालें. गोठविलेल्या आकड्यांशेजारीं त्या दिवसाची तारीख अवश्य लिहावी. आणि पुढील वर्षापासून प्रत्येक बंधूचें पान वेगळें, परंतु वही एकच, असा नेम ठेवावा. घर एक असतां हिशेब तरी निरनिराळ्या पेट्यांत कां असावा?